शंकरनगरचा जपानी भाषेचा वर्ग आणि ‘बोलणे’ या क्रियापदाचा प्रश्न

आमचे घर नागपूरजवळच्या कामठीला, ड्रॅगन पॅलेस मंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. हे मंदिर १९९९ मध्ये जपानच्या ओगावा सोसायटीच्या साहाय्याने उभे राहिले आणि तेव्हापासून तेथे जपानी उपासकांचे येणेजाणे आहे. दीक्षाभूमीशी ज्यांचे नाव जोडले गेले आहे ते भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई हेही मूळचे जपानचेच. तेव्हा जपानी भाषा आमच्या भागातल्या लोकांच्या कानावरून अधूनमधून गेलेली असते. ती नीट शिकायची म्हटले म्हणजे मात्र कोठे जावे हा प्रश्न पडतो, आणि त्या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर कितपत समाधानकारक ठरले हे सांगण्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात मंदिराच्या आवारात एक वयोवृद्ध जपानी बाई एकट्याच बाकावर बसल्या होत्या. त्या वेळी मी एका ऑनलाइन अभ्यासक्रमातून इंग्रजी माध्यमातून आठ महिने जपानी शिकले होते आणि आपल्याला चार वाक्ये येतात असा मला विश्वास होता. मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, ‘आनाता तो शाबेरिताइ देसु.’ वाक्याच्या व्याकरणात चूक नव्हती. बाईंनी मान लववली, हसून एक-दोन शब्द उच्चारले आणि संभाषण तेथेच थांबले. ‘शाबेरु’ हे क्रियापद मैत्रिणींच्या मोकळ्या गप्पांचे आहे आणि ‘आनाता’ हे सर्वनाम वडीलधाऱ्यांना उद्देशून वापरत नाहीत, हे मला पुष्कळ नंतर समजले. आजीच्या वयाच्या पाहुण्या बाईंना मी ‘तुझ्याशी गप्पा मारायच्या आहेत’ असे सांगून बसले होते. त्या अभ्यासक्रमाने मला ‘हानासु’ (बोलणे), ‘इउ’ (म्हणणे) आणि ‘शाबेरु’ हे तीन शब्द एकाच यादीत, एकेका इंग्रजी शब्दासमोर लिहून दिले होते. कोणता शब्द कोणापुढे उच्चारावा याविषयी त्यात एक ओळही नव्हती.

त्यानंतरच्या जानेवारीत मी शंकरनगरच्या वर्गात नाव घातले. मेट्रोच्या शंकरनगर चौक स्थानकावरून चालत दहा मिनिटांवर, एका जुन्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर तो भरतो. दाराला पाटी नाही. शिकून गेलेल्यांनी सांगितल्यावरूनच नवे विद्यार्थी येतात. शनिवारी आणि रविवारी दोन-दोन तास, सहा महिन्यांचे एक सत्र, सत्राचे शुल्क नऊ हजार रुपये आणि पुस्तके वेगळी. आमच्या तुकडीत चौदा जण होते. त्यांत मिहान या नागपूरच्या औद्योगिक क्षेत्रात नोकरी करणारे दोन अभियंते, जपानमध्ये वृद्धसेवेच्या कामासाठी जाण्याची तयारी करणाऱ्या तीन परिचारिका आणि बाकीचे बहुतेक महाविद्यालयीन विद्यार्थी होते. शिकवणाऱ्या बाईंना सर्वजण सेन्सेइ म्हणतात. मी दोन्ही सत्रे, म्हणजे पूर्ण वर्ष, तेथे काढले.

या वर्गाचे खरे वैशिष्ट्य मला तिसऱ्या आठवड्यात कळले. सेन्सेइंनी फळ्यावर तीन मराठी वाक्ये लिहिली : ‘मी आईशी बोलले’, ‘मी आईला सांगितले’ आणि ‘मी आईला येते म्हटले’. मग त्यांनी आम्हाला विचारले की, या तीन वाक्यांत आई काय करते आहे? पहिल्या वाक्यात आईही बोलते आहे, दुसऱ्यात ती ऐकते आहे, आणि तिसऱ्यात आईपेक्षा माझ्या तोंडचे शब्द महत्त्वाचे आहेत, असे आम्ही चाचरत सांगितल्यावर त्यांनी शेजारी जपानी वाक्ये मांडली : ‘हाहा तो हानाशिमाशिता’, ‘हाहा नि हानाशिमाशिता’, ‘हाहा नि इकु तो इइमाशिता’. मराठीतील ‘शी’ आणि ‘ला’ यांच्या जागी जपानीत ‘तो’ आणि ‘नि’ जवळजवळ जसेच्या तसे बसतात. ‘आईशी’ आणि ‘आईला’ यांतला फरक मराठी माणसाला शाळेत जाण्याच्याही आधीपासून कळत असतो. आठ महिने इंग्रजीच्या आडवळणाने जे मला कळले नव्हते ते त्या दहा मिनिटांत कळले, आणि घरी परतताना मेट्रोत बसल्या बसल्या मी मनातल्या मनात कितीतरी वाक्ये जुळवून पाहिली.

त्याच तासाला त्यांनी एक धोकाही दाखवून दिला. व्यक्तीच्या नावापुढचा ‘तो’ म्हणजे ‘शी’, पण ‘इउ’ या क्रियापदाच्या आधी येणारा ‘तो’ म्हणजे ‘असे’. उच्चार एकच असला तरी कामे दोन आहेत. ‘इउ’ म्हटले की काय उच्चारले गेले ते सांगावे लागते, आणि ‘हानासु’ म्हटले की बोलण्याची क्रिया, तिचा विषय किंवा तिची भाषा पुरेशी होते. म्हणून ‘मी जपानी बोलते’ या वाक्याला ‘हानासु’ चालते, ‘इउ’ चालत नाही. लिपीच्या तासाला त्यांनी ‘हानासु’चे चिन्ह काढून दाखवले : डावीकडे ‘शब्द’ या अर्थाचे चिन्ह आणि उजवीकडे दिसणारा आकार ‘जीभ’ या चिन्हाचा. मला ते चिन्ह पुन्हा पाठ करावे लागले नाही.

मराठीच्या आधाराने शिकवण्याचा लाभ सर्वांत अधिक दिसला तो ‘म्हणणे’ या क्रियापदाच्या बाबतीत, आणि या ठिकाणी मी थोडे सविस्तर लिहिते, कारण इतर कोणत्याही वर्गात हे मला ऐकायला मिळाले नसते असे वाटते. आपण ‘रमेश म्हणून एक मुलगा आहे’ असे म्हणतो. जपानी माणूस ‘रामेशु तो इउ हितो’ असे म्हणतो. नाव सांगण्यासाठी दोन्ही भाषा ‘म्हणणे’ याच क्रियापदाकडे जातात. आपण ऐकीव गोष्ट सांगताना वाक्याच्या शेवटी ‘म्हणे’ लावतो : ‘तो उद्या येणार म्हणे.’ जपानी बोलीत त्याच जागी ‘त्ते’ येतो, आणि त्याचेही नाते या ‘तो’शीच आहे. आमच्या वर्गात जे पाठ्यपुस्तक लावतात त्याचे दोन भाग मिळून ५० पाठ आहेत. त्यातील २१व्या पाठात ‘तो इइमाशिता’ येते आणि ३३व्या पाठात ‘तो इत्ते इमाशिता’ येते. पहिल्याचा अर्थ ‘म्हणाला’, दुसऱ्याचा अर्थ ‘म्हणत होता’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला दुसऱ्या रूपाची गरजच का पडावी हे समजावून द्यावे लागते. मराठी माणसाला मात्र एवढेच विचारावे : शेजारच्या काकूंचा निरोप आईला देताना तुम्ही ‘काकू म्हणाल्या’ असे म्हणता की ‘काकू म्हणत होत्या’ असे? आमच्या तुकडीतील चौदाही जणांनी ‘म्हणत होत्या’ असेच उत्तर दिले. तिसऱ्या माणसाचे म्हणणे समोरच्यापर्यंत पोहोचवताना जपानीतही नेमके तेच रूप वापरतात.

अर्थात मराठीचा आधार जेथे निसटतो तेथे या वर्गातला विद्यार्थी इतरांपेक्षा जोरात पडू शकतो, आणि सेन्सेइंना याची पूर्ण जाणीव आहे ही समाधानाची गोष्ट आहे. त्यातून आम्ही नागपूरकर हिंदीच्या सहवासामुळे ‘सांगणे’ आणि ‘म्हणणे’ या दोन्हींच्या जागी ‘बोलणे’ सर्रास वापरतो. ‘मी तुला काल बोललो होतो ना’ हे वाक्य आमच्याकडे घरोघरी ऐकू येते. या सवयीने जपानीत सगळीकडे ‘हानासु’ येऊ लागते. सेन्सेइ अशा वेळी जपानी वाक्य दुरुस्त करत नाहीत. आधी मराठी वाक्य दुरुस्त करायला लावतात. काही मुलांना तो वेळेचा अपव्यय वाटला. मला वाटला नाही, कारण मराठी वाक्य नीट झाले की जपानी क्रियापद बहुधा आपोआप सापडत असे.

जेथे नीट मराठीही कामी येत नाही अशी स्थळे त्यांनी वर्षभर एका वेगळ्या वहीत आमच्याकडून लिहवून घेतली, आणि ती वही आज माझ्यापाशी असलेले सर्वांत उपयोगी पुस्तक आहे. ‘तुमचा नंबर सांगा’ यात ‘सांगणे’ आहे, म्हणून मी ‘इत्ते कुदासाइ’ असे म्हणत असे. तेथे ‘ओशिएरु’, म्हणजे एरवी ज्याचा अर्थ ‘शिकवणे’ होतो ते क्रियापद लागते, कारण समोरच्याला ठाऊक असलेली आणि मला ठाऊक नसलेली माहिती मी मागते आहे. ‘आईने मला संत्री आणायला सांगितले’ यातले सांगणे हा आदेश आहे. तेथे ‘हाहा वा वाताशि नि मिकान ओ कात्ते कुरु योउ नि इइमाशिता’ अशी ‘योउ नि इउ’ची रचना येते. ‘घरी बोलून सांगते’ हे वाक्य आपण दिवसातून दोनदा उच्चारतो, पण त्यातले बोलणे हा सल्ला असतो आणि त्याला ‘सोउदान सुरु’ म्हणावे लागते. येथेही ‘चिचि तो’ म्हटले तर वडिलांशी विचारविनिमय होतो आणि ‘चिचि नि’ म्हटले तर वडिलांचा सल्ला घेतला जातो. ‘बाई मला बोलल्या’ म्हणजे रागावल्या. तेथे बोलण्याचे कोणतेच क्रियापद न येता ‘शिकारु’चे कर्मणी रूप येते. गाणे आपण ‘म्हणतो’, जपानी लोक ते ‘उताउ’ने गातात. बुद्धवंदनाही आपण ‘म्हणतो’, पण सूत्रपठणाला त्यांच्याकडे ‘तोनाएरु’ हे निराळे क्रियापद आहे. कामठीत राहणारीला हे आधी ठाऊक असायला हवे होते. आणि दोन जावांमध्ये अबोला असेल तर जपानीत त्या एकमेकींशी ‘कुचि ओ किकानाइ’. त्या वाक्प्रचारात तोंड आहे, बोलणे नाही.

सगळ्याच शब्दांना इतका वेळ मिळाला नाही. ‘नोबेरु’, म्हणजे सभेत किंवा लेखात मत मांडणे, आणि ‘कातारु’, म्हणजे एखादी गोष्ट किंवा अनुभव विस्ताराने सांगणे, ही क्रियापदे अर्ध्या पानात संपली. ‘कातारु’ आणि आपली ‘कथा’ यांचा ध्वनी जुळतो हा निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला तो उपयोगी पडतो. ‘हानाशिकाकेरु’ या क्रियापदासाठी मात्र मला अधिक वेळ हवा होता. न बोलणाऱ्या माणसाशी आपण होऊन बोलायला सुरुवात करणे, असा त्याचा अर्थ आहे. बाकावरच्या त्या बाईंच्या बाबतीत मी जे केले ते हेच होते. ते शिकवताना व्यक्तीला ‘नि’ लागतो एवढेच सांगितले गेले. खरे तर ‘तो’ का लागत नाही हा विचार करण्याजोगा मुद्दा आहे : समोरच्याने अजून तोंड उघडलेले नसते, ‘शी’ म्हणण्याइतकी भागीदारी झालेलीच नसते.

आता उणिवांविषयी. सर्वांत मोठी उणीव आदरार्थी क्रियापदांच्या शिकवण्यात आहे, आणि ती लहान नाही. पहिल्याच दिवशी स्वतःचे नाव घालून पुढे ‘तो मोउशिमासु’ म्हणायला शिकवले जाते, पण हे ‘मोउसु’ म्हणजे ‘इउ’चेच नम्र रूप आहे हे कोणी सांगत नाही. ते पोपटासारखे पाठ होते. समोरच्याच्या बोलण्यासाठी येणारे ‘ओश्शारु’ आणि स्वतःच्या बोलण्यासाठी येणारे ‘मोउसु’ व ‘मोउशिआगेरु’ पाठ्यपुस्तकात अगदी शेवटी, ४९व्या आणि ५०व्या पाठांत येतात. आमच्या वर्गात हे दोन पाठ डिसेंबरच्या परीक्षेच्या आदल्या पंधरवड्यात, तीन तासांत उरकले गेले. ज्या परिचारिका जपानमध्ये जाऊन वृद्धांची सेवा करणार आहेत त्यांना रोज सकाळी याच क्रियापदांची गरज पडणार आहे. त्यांच्यासाठी तरी हा भाग आधी यायला हवा होता.

शिवाय मराठीचा आधार सर्वांत जास्त फसवतो तो याच ठिकाणी. आपण बाहेरच्या माणसाशी बोलताना ‘आमचे साहेब म्हणाले’ असे आदराने बोलतो. साहेब कोणापुढेही साहेबच असतात. जपानीत बाहेरच्या माणसासमोर आपल्या कंपनीचा प्रमुखही आपल्याकडचा ठरतो आणि त्याच्या बोलण्याला नम्र रूप लावावे लागते : ‘शाचोउ गा मोउशिते ओरिमाशिता.’ त्याच साहेबांविषयी कचेरीतल्या सहकाऱ्याशी बोलताना मात्र ‘ओश्शारु’ चालते. कोण मोठा यापेक्षा कोण आतला आणि कोण बाहेरचा हा विचार तेथे आधी करावा लागतो. हा मुद्दा सेन्सेइंनी सांगितला नाही असे नाही, परंतु एका वाक्यात सांगितला, आणि मिहानमधील अभियंत्यांपैकी एकाला त्यानंतर दोन महिन्यांनी जपानी ग्राहकाशी दूरध्वनीवर बोलताना स्वतःच्या व्यवस्थापकासाठी ‘ओश्शाइमाशिता’ म्हटल्यावर त्याचा खरा अर्थ उमगला.

दुसरी उणीव परीक्षेच्या ओढीची आहे, आणि तिचा दोष सर्वस्वी वर्गाला देता येणार नाही. जपानी भाषेची प्राविण्य परीक्षा जुलै आणि डिसेंबरात होते. तिचे एन-५ ते एन-१ असे पाच स्तर आहेत. मी पुण्याला जाऊन आधी एन-५ आणि मग एन-४ दिली. दोन्ही १८० गुणांच्या. उत्तीर्ण होण्यासाठी पहिलीला ८० आणि दुसरीला ९० गुण लागतात, शिवाय प्रत्येक विभागात किमान गुण मिळवावे लागतात. शब्दज्ञान, व्याकरण, वाचन आणि श्रवण यांची त्यात परीक्षा होते. बोलण्याची परीक्षा कोणत्याच स्तरावर नाही. तेव्हा ‘हानासु’ आणि ‘शाबेरु’ यांतला फरक चार पर्यायांतून ओळखता येणारा विद्यार्थी प्रत्यक्ष माणसापुढे गप्प राहू शकतो. सप्टेंबरपासून आमच्या तुकडीत एकमेकांशी बोलण्याचा सराव जवळजवळ बंद झाला आणि सरावपत्रिका सुरू झाल्या. मला हे खटकले आणि मी तसे सेन्सेइंना सांगितलेही. त्यांनी ऐकून घेतले. पुढच्या तुकडीसाठी रविवारचा शेवटचा अर्धा तास केवळ संभाषणासाठी राखून ठेवला आहे, असे आता कळते.

तिसरी अडचण साधी, पण नागपुरात तिला पर्याय नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, कूलर लावल्याशिवाय त्या खोलीत बसता येत नाही, आणि कूलर लावला की श्रवणाच्या ध्वनिफितीतील ‘तो’ आणि ‘नि’ ऐकू येत नाहीत. ज्या भाषेत एका अक्षरावर अर्थ फिरतो तेथे ही गैरसोय मोठी आहे. श्रवणाचा तास सकाळी सात वाजता घ्यावा किंवा ध्वनिफिती घरी द्याव्यात. दुसऱ्या मजल्यावर उद्वाहन नाही, हेही गुडघे दुखणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

नाव घालण्यापूर्वी एकदा फुकट तासाला बसू देतात. त्याचा लाभ अवश्य घ्यावा. ज्यांना केवळ परीक्षा द्यायची आहे त्यांना मराठी वाक्यांवरची चर्चा लांबट वाटेल. ज्यांचे शालेय शिक्षण इंग्रजीत झाले आहे आणि ‘सांगितले’ आणि ‘म्हटले’ यांत निवड करायला ज्यांना थांबावे लागते, त्यांना पहिले दोन महिने जड जातील. ज्यांचे मराठी घट्ट आहे त्यांनी नऊ हजार रुपये निःशंकपणे द्यावेत असे मी म्हणेन. मात्र आदरार्थी रूपांसाठी दुसऱ्या सत्राच्या आरंभीच सेन्सेइंकडे आग्रह धरावा.

त्या बाईंना काय म्हणायला हवे होते, हे मी वर्ष संपताना सेन्सेइंना विचारले. त्यांनी ‘ओहानाशि ओ उकागाइताइ नो देसु गा’ असे वाक्य दिले. त्यात ‘मला बोलायचे आहे’ असे नाहीच. ‘उकागाउ’ हे ऐकण्याचे आणि विचारण्याचे नम्र क्रियापद आहे, म्हणजे ‘आपले बोलणे ऐकावे अशी इच्छा होती’ असा त्याचा भाव होतो, आणि शेवटचा ‘गा’ वाक्य अर्धवट सोडून होकार-नकाराची मोकळीक समोरच्याला देतो. वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. या ऑक्टोबरात पाहुणे आले की ते वापरणार आहे.